टाकीत किती, तळ्यात किती, धरणात किती?

उन्हाळ्यात शहरांतल्या सोसायट्यांच्या आवारात एक वाद हमखास रंगतो. जमिनीखालची टाकी साडेआठ हजार लिटरची आहे, हे सगळ्यांना पाठ असते. ती कोरडी पडली म्हणून पाच हजार लिटरचा टँकर येतो. टँकरमध्ये शंभर-सव्वाशे लिटर पाणी शिल्लक असतानाच टाकी भरते आणि वरच्या नळीतून पाणी वाहू लागते. रहिवासी चक्रावतात. साडेआठ हजारांच्या टाकीत पाच हजारही मावू नयेत? टँकरवाला म्हणतो, टाकी लहान आहे. सेक्रेटरी म्हणतात, बांधतानाच मोजली होती. दोघेही खरेच बोलत असतात.

टाकी बांधायच्या दिवशी जमिनीवर चुन्याने आखणी झाली ती १० फूट बाय ६ फूट अशी. आत खोली धरली ५ फूट. तिन्हींचा गुणाकार ३०० घनफूट. एका घनफुटात २८.३२ लिटर पाणी मावते, म्हणजे सुमारे ८,४९५ लिटर. गुणाकारात कुठेही चूक नाही. पण गवंड्याने चारी बाजूंनी नऊ इंची भिंत बांधली ती त्या आखणीच्या आत. दोन बाजूंच्या भिंतींनी मिळून लांबीतला दीड फूट खाल्ला आणि रुंदीतलाही दीड फूट खाल्ला. उरली साडेआठ फूट बाय साडेचार फूट. पाणी बाहेर जाण्याची नळी स्लॅबच्या खाली अर्धा फूट बसवलेली, त्यामुळे ५ फुटांपैकी साडेचार फूटच भरता येतात. आता साडेआठ, साडेचार आणि साडेचार यांचा गुणाकार करून पाहावा. तो भरतो १७२ घनफूट, म्हणजे सुमारे ४,८७४ लिटर. पाच हजारांचा टँकर त्यात मावणार कसा?

भिंतीची जाडी दोनदा वजा होते आणि तिन्ही मापांतली तूट एकमेकींना गुणली जाते. म्हणून बाहेरून किरकोळ वाटणारा फरक आत निम्म्याच्या घरात जातो. त्यातही पंपाचा फूटव्हॉल्व्ह तळापासून अर्धा फूट वर असेल तर खालचे ५४० लिटर पाणी टाकीत असूनही नळाला येत नाही. वापरायला मिळतात ते ४,३३० लिटर. शहरी पाणीपुरवठ्याच्या योजना आखताना माणशी रोज १३५ लिटर धरतात. त्या हिशेबाने पाच माणसांच्या घराला हे पाणी साडेसहा दिवस पुरते. साडेआठ हजार धरून बसलेले घर मात्र बारा दिवसांची निश्चिंती मानून असते.

अशा टाकीचा एक मोठा गुण असा की वरपासून खालपर्यंत तिचा आडवा छेद सारखाच असतो. त्यामुळे दर इंचाला पाणीही सारखेच. सुरुवातीच्या टाकीत साडेआठ फूट गुणिले साडेचार फूट म्हणजे ३८.२५ चौरस फूट तळ आहे. त्यावर एक इंच पाणी चढले की ९० लिटर वाढतात. एका सरळ काठीवर इंचांच्या खुणा करून ती टाकीत उभी धरली, तर टँकर येण्याआधीची आणि गेल्यानंतरची ओल पाहून किती पाणी पडले ते कुणालाही सांगता येते. पातळी ४० इंच चढली असेल तर ३,६०० लिटर मिळाले. पावतीवर काहीही लिहिलेले असो. पाण्याचे पैसे मोजणाऱ्या प्रत्येक सोसायटीत अशी काठी असायला हवी.

शाळेच्या पुस्तकात या आकाराला इष्टिकाचिती म्हणतात. इष्टिका म्हणजे वीट आणि चिती म्हणजे रचलेला थर. शब्द अवघड वाटतो, पण विटेचा आकार डोळ्यांपुढे आला की तो उलगडतो. लांबी, रुंदी आणि उंची यांचा गुणाकार म्हणजे घनफळ, हे सूत्र सातवी-आठवीतल्या मुलालाही येते. चूक बहुतेक वेळा सूत्रात होतच नाही. ती होते माप लिहिताना आणि एकक बदलताना.

माप लिहिण्यातली सर्वांत रुळलेली चूक म्हणजे १० फूट ६ इंच हे १०.६ असे लिहिणे. फुटात इंच बारा असतात, दहा नव्हेत. सहा इंच म्हणजे अर्धा फूट, म्हणून खरे माप १०.५. फरक छोटा दिसतो, पण १० फूट १० इंच कुणी १०.१० लिहिले की तो पाऊण फुटावर जातो. ते माप खरे तर १०.८३ आहे. सुतार आणि गवंडी त्याहून बारीक माप सुतात सांगतात. आठ सुतांचा एक इंच. "चार फूट तीन इंच दोन सूत" हे तोंडी सांगायला सोपे, पण गुणाकारात घालण्याआधी सगळ्याचे इंच करावे लागतात: ५१.२५ इंच. तिन्ही मापांचे आधी एकच एकक करायचे आणि मगच गुणायचे, हा क्रम पाळला की निम्म्या चुका जागीच थांबतात.

उरलेल्या निम्म्या चुका 'घन' या शब्दापाशी होतात. एका मीटरमध्ये ३.२८ फूट, हे अनेकांना ठाऊक असते. म्हणून घनमीटरचे घनफूट करतानाही ३.२८ ने गुणले जाते, आणि उत्तर दहापटीहून अधिक चुकते. घनमीटरच्या पेटीत लांबी ३.२८ फूट, रुंदी ३.२८ फूट आणि उंचीही ३.२८ फूट असते. तिन्हींचा गुणाकार ३५.३. तसेच मीटरचे सेंटिमीटर शंभर, पण एका घनमीटरचे घनसेंटिमीटर दहा लाख. लांबीचे एकक एकदा बदलते, क्षेत्रफळाचे दोनदा आणि घनफळाचे तीनदा.

मघाचा २८.३२ हा आकडाही असाच येतो. १९५९ साली इंग्रजी मापे वापरणाऱ्या देशांनी एक इंच बरोबर २.५४ सेंटिमीटर असे ठरवले. त्यामुळे एक फूट झाला ३०.४८ सेंटिमीटर. ३०.४८ ला स्वतःनेच तीन वेळा मांडून गुणले की २८,३१७ घनसेंटिमीटर येतात आणि हजाराने भागले की लिटर. लिटर म्हणजे आतून १० सेंटिमीटर लांब, १० रुंद आणि १० उंच असा डबा. अशा हजार डब्यांचा एक घनमीटर होतो. मेट्रिक पद्धतीचे सौंदर्य हेच की लांबीचे, पाण्याचे आणि वजनाचे माप एकमेकांत गुंफलेले आहे: त्या डब्यातले पाणी साधारण एक किलो भरते. मधल्या काळात, १९०१ पासून, एक किलो पाण्याची जागा म्हणजे लिटर अशी व्याख्या केली गेली, आणि लिटर त्या डब्यापेक्षा लाखात तीन भागांनी मोठा निघाला. १९६४ मध्ये ती व्याख्या सोडून पुन्हा दहा सेंटिमीटरच्या डब्यालाच लिटर म्हणायचे ठरले.

लांबीच्या मापातूनच धान्याचे माप काढायचे ही कल्पना, मेट्रिक पद्धत जिच्यातून आली त्या फ्रान्समधल्या क्रांतीच्याही कितीतरी आधी आपल्याकडे लिहून ठेवलेली आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली सिद्धांतशिरोमणी रचला. त्यातल्या 'लीलावती' या भागात सुरुवातीलाच मापांची कोष्टके येतात. आठ यवांचे एक अंगुळ, चोवीस अंगुळांचा एक हात. गवंड्याच्या आठ सुतांच्या इंचाशी हे नाते किती जवळचे वाटते! पुढे ते सांगतात की एक हात लांब, एक हात रुंद आणि एक हात उंच अशा बारा कडांच्या आकाराला घनहस्त म्हणावे, आणि तेवढ्या जागेत मावणारे धान्य ही मगध देशातली खारी. खारीचा सोळावा भाग द्रोण, द्रोणाचा चौथा आढक, आढकाचा चौथा प्रस्थ, प्रस्थाचा चौथा कुडव. हात दीड फुटाचा धरला तर खारी सुमारे साडेपंच्याण्णव लिटरची होते आणि कुडव ९३ मिलिलिटरचा.

यात महत्त्वाचे आहे ते माप लांबीला बांधणे. पायली, शेर, मण ही मापे पुढे गावोगाव वेगवेगळी झाली. चार शेरांची पायली आणि वीस मणांची खंडी ही कोष्टके सगळीकडे म्हटली जात, पण एका बाजारपेठेचा शेर दुसरीच्या शेराशी जुळेलच असे नसे. गोव्यात कुडव हे भाताचे माप म्हणून टिकले. नाव भास्कराचार्यांच्या कोष्टकातले, आकार मात्र वेगळा आणि बराच मोठा. गॅलनचेही तेच. इंग्रजांबरोबर मुंबईत आलेला गॅलन ४.५५ लिटरचा, तर अमेरिकेतला ३.७९ लिटरचा. न्यू जर्सीतल्या मराठी घरात दुधाचा एक गॅलनचा कॅन येतो, तो आजोबांच्या आठवणीतल्या गॅलनपेक्षा सहाव्या हिश्शाने लहान असतो. माप लांबीला बांधलेले असेल तर कुणीही पट्टी घेऊन ते पुन्हा तयार करू शकतो. नुसत्या नावाला बांधलेले माप हाताहाती बदलत जाते.

घनफळ आणि वजन यांची गल्लत स्वयंपाकघरातही होते. खाद्यतेल पत्र्याच्या चौकोनी डब्यात येते. शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन डब्यांपैकी एकावर १५ किलो लिहिलेले असते आणि दुसऱ्यावर १५ लिटर. दोन्ही 'पंधराचेच' डबे. पण तेल पाण्यापेक्षा हलके आहे; एक लिटर तेलाचे वजन सुमारे ९१० ग्रॅम भरते आणि बहुतेक पिशव्यांवर तसे छापलेलेही असते. म्हणजे १५ लिटरच्या डब्यात १३.६५ किलो तेल. किलोच्या डब्यापेक्षा जवळजवळ दीड लिटर कमी. भाव विचारताना डबा किलोचा की लिटरचा, हे आधी विचारावे.

हीच गल्लत आकाशात झाली तेव्हा ६९ जणांचा जीव टांगणीला लागला होता. २३ जुलै १९८३ रोजी कॅनडातल्या एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ विमानाला २२,३०० किलो इंधन हवे होते. टाकीत आधीचे ७,६८२ लिटर होते. लिटरचे किलो करण्यासाठी सुमारे ०.८० ने गुणायला हवे होते. गुणले गेले १.७७ ने, म्हणजे लिटरमधून पौंड काढण्याच्या आकड्याने. त्यामुळे सुमारे २० हजार लिटर भरायचे ते पाच हजारांहूनही कमी भरले गेले. विमान ४१ हजार फुटांवर असताना इंधन संपत आले आणि पुढे दोन्ही इंजिने बंद पडली. वैमानिकांनी ते तरंगत नेऊन गिमली या जुन्या हवाई तळावर उतरवले, आणि सगळे वाचले. आकडे मांडताना प्रत्येक आकड्याशेजारी त्याचे एकक लिहिले असते तर 'पौंड' हा शब्द कागदावरच डोळ्यांत भरला असता.

पाण्याच्या बाबतीत लिटर म्हणजेच किलो, ही सोय फार मोलाची आहे, कारण तिच्यामुळे भार कळतो. गच्चीवरची पाच हजार लिटरची टाकी भरली की स्लॅबवर पाच टन उभे राहतात, टाकीचे स्वतःचे वजन वेगळे. दिवाणखान्यात मासे पाळण्यासाठी तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच काचेची पेटी आणली, तर तिच्यात काठोकाठ १९१ लिटर पाणी मावते. ते लाकडी टीपॉयवर ठेवायचे म्हणजे तीन धडधाकट माणसांना त्यावर कायमचे उभे करण्यासारखे आहे.

महाराष्ट्रात घर बांधणाऱ्याची गाठ लिटरइतकीच ब्रासशी पडते. वाळू, खडी, मुरूम, माती, दगड सगळे ब्रासवर येते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, मीटरमध्ये २.८३ घनमीटर. (प्लास्टर आणि फरशीच्या कामात मात्र ब्रास म्हणजे १०० चौरस फूट, तिथे तो क्षेत्रफळाचा असतो.) गाडीच्या हौद्याची आतली लांबी, रुंदी आणि मालाची उंची फुटांत घ्यायची, गुणायची आणि शंभराने भागायचे. ट्रॅक्टरची ट्रॉली १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि माल पावणेदोन फूट असेल तर १०५ घनफूट, ब्रासला थोडे वर. डंपरचा हौदा १४ फूट, ७ फूट आणि ४ फूट असेल तर ३९२ घनफूट, म्हणजे चार ब्रासला जरा कमी. हे मोजायला टेप आणि दोन मिनिटे पुरतात, आणि ते गाडी रिकामी होण्याआधीच करायचे असते. ढीग ओतल्यावर त्याचे माप काढणे फार कठीण.

पण वाळूचे घनफळ बरोबर मोजूनही फसगत होऊ शकते. वाळू ओलसर असेल तर प्रत्येक कणाभोवती पाण्याचा पातळ थर बसतो आणि कण एकमेकांपासून दूर सरकतात. वजनाच्या पाच ते आठ टक्के ओल असताना वाळू वीस ते तीस टक्के फुगते, बारीक वाळू त्याहूनही जास्त. हौदा पूर्ण भरलेला दिसतो, पण खरी वाळू पाऊण हौदाच असते. तपासणी सोपी आहे. सरळ बाजूंच्या डब्यात ती वाळू भरून पातळी नोंदवावी, मग ती दुसऱ्या भांड्यात काढावी, डबा निम्मा पाण्याने भरावा आणि वाळू हळूहळू त्यात सोडून ढवळावी. पूर्ण भिजलेली वाळू पुन्हा आपल्या मूळ आकाराला येते. पातळी जितकी खाली बसली, तितका तो फुगवटा होता.

आता शेतात जाऊ. राज्य सरकारने २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' योजना आणली, तेव्हापासून ३० बाय ३० बाय ३ मीटर हे माप कोरडवाहू भागातल्या शेतकऱ्यांच्या तोंडी बसले. सरळ गुणाकार केला तर २,७०० घनमीटर, म्हणजे २७ लाख लिटर. पण तळ्याची बाजू भिंतीसारखी उभी ठेवली तर माती ढासळते, म्हणून तिला उतार देतात. एक मीटर खाली गेले की एक मीटर आत, असा उतार धरला तर तीन मीटर खोलीवर तळ उरतो २४ बाय २४ मीटर. आता हे तळे विटेच्या आकाराचे राहिले नाही. मग घनफळ कसे काढायचे?

सहज सुचणारे दोन मार्ग आहेत. वरचे क्षेत्रफळ ९०० आणि तळाचे ५७६ चौरस मीटर, त्यांची सरासरी घेऊन खोलीने गुणले की २,२१४ घनमीटर. किंवा बाजूंची सरासरी २७ मीटर धरून २७ गुणिले २७ गुणिले ३, म्हणजे २,१८७ घनमीटर. दोन उत्तरे वेगळी आली, आणि दोन्ही चुकीची आहेत. पहिले १८ घनमीटरने जास्त आहे, दुसरे ९ घनमीटरने कमी.

नेमके उत्तर देणारी रीत 'लीलावती'तल्या खातव्यवहार या प्रकरणात आहे. खात म्हणजे खणलेला खड्डा. भास्कराचार्य सांगतात: मुखाचे क्षेत्रफळ घ्या, तळाचे घ्या, आणि मुख व तळ यांच्या लांब्यांची बेरीज गुणिले रुंद्यांची बेरीज असे तिसरे क्षेत्रफळ घ्या. तिन्हींच्या बेरजेला सहाने भागले की समक्षेत्रफळ मिळते; त्याला खोलीने गुणावे. आपल्या शेततळ्याला हे लावून पाहू. ९०० अधिक ५७६, अधिक ५४ गुणिले ५४ म्हणजे २,९१६. बेरीज ४,३९२. सहाने भागून ७३२. गुणिले तीन, २,१९६ घनमीटर. म्हणजे २१ लाख ९६ हजार लिटर. आज ३० बाय ३० बाय ३ च्या शेततळ्याची साठवण म्हणून सांगितला जाणारा आकडा नेमका हाच आहे.

त्यांनी दिलेले उदाहरणही अशाच एका वापीचे, म्हणजे विहिरीचे आहे. तिचे मुख १२ हात लांब आणि १० हात रुंद, तळ त्याच्या निम्मा, खोली ७ हात. १२०, ३० आणि १८ गुणिले १५ म्हणजे २७०. बेरीज ४२०, सहाने भागून ७०, गुणिले सात. उत्तर ४९० घनहस्त. दीड फुटी हाताने ती वापी सुमारे ४७ हजार लिटरची भरते. या सूत्राची युक्ती अशी की ते तिसरे क्षेत्रफळ म्हणजे मधल्या छेदाची चौपट असते. वरचा छेद एकदा, खालचा एकदा आणि मधला चारदा मोजून सहाने भागायचे. अभियंते आजही मातीकामाचे घनफळ याच रीतीने काढतात.

शेततळे काठोकाठ भरत नाहीत, अर्धा मीटर मोकळे ठेवतात. तेव्हा पाण्याचा वरचा चौरस २९ मीटरचा आणि खोली अडीच मीटर. त्याच रीतीने १,७६१ घनमीटर येतात, साडेसतरा लाख लिटरच्या वर थोडे. २७ लाखांच्या भरवशावर फळबाग लावणाऱ्याला हातात येणारे पाणी दोन तृतीयांशच आहे, हे लागवडीआधी कळले पाहिजे. पाऊस मोजण्याचे एककही इथे उपयोगी पडते. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. त्यावर ५०० मिलिमीटर पाऊस पडला तर वीस लाख लिटर पाणी उतरते. त्यातले बरेचसे मुरते आणि उडून जाते, म्हणून एका तळ्याला कितीतरी एकरांचा उतार लागतो.

त्याच तळ्याचा हिशेब जेसीबीवाला ब्रासमध्ये मांडतो. २,१९६ घनमीटर गुणिले ३५.३, भागिले शंभर: ७७५ ब्रास माती. खणल्यावर माती मोकळी होऊन फुगते, म्हणून बांधावर टाकलेला ढीग त्याहून मोठा दिसतो. मजुरी खड्ड्याच्या मापाने द्यायची की ढिगाच्या, हे काम सुरू होण्याआधी ठरवलेले बरे.

या आकड्यांनी एक जुनी आठवण वेगळीच दिसू लागते. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. मिरजेहून निघालेल्या पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि त्यांत पाच लाख लिटर पाणी होते. पुढे पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाली, एका खेपेला २५ लाख लिटर. देशभर तिची छायाचित्रे झळकली. शेततळ्याच्या मापात ती अख्खी गाडी म्हणजे एका तळ्याला थोडे वर. कालव्याच्या मापात ती आणखी लहान होते. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, २८.३ लिटर. एक क्युसेकची चारी चोवीस तास वाहिली तर २४ लाख ४७ हजार लिटर पाणी जाते. पन्नास वाघिणींनी साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास वाहून आणलेले पाणी म्हणजे जेमतेम एका क्युसेकचा एक दिवस.

धरणांच्या बातम्यांत हीच एकके अजस्र होऊन येतात. टीएमसी म्हणजे हजार दशलक्ष घनफूट, सरळ मराठीत एक अब्ज घनफूट. हजार फूट लांब, हजार फूट रुंद आणि हजार फूट उंच अशी पेटी कल्पिली की बरोबर एक टीएमसी होतो. लिटरमध्ये २,८३२ कोटी. माणशी १३५ लिटर धरले तर पावणेसहा लाख लोकांचे वर्षभराचे पाणी. शेततळ्यांत मोजले तर सुमारे १२ हजार ९०० तळी. कोयना धरणाची क्षमता १०५.२५ टीएमसी. पुण्याला पाणी देणाऱ्या चार धरणांत वरसगाव १२.८२, पानशेत १०.६५, टेमघर ३.७१ आणि खडकवासला अवघा १.९७. पावसाळ्यात खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकने पाणी सोडल्याची बातमी आली की अनेकांना प्रश्न पडतो, पाणी साठवत का नाहीत? ३५ हजार क्युसेक एक दिवस म्हणजे तीन टीएमसी. वरून एवढे पाणी येत असेल तर ते अख्खे धरण एका दिवसात दीडदा भरेल. साठवणार कुठे?

धरणाची जागा डोंगरदऱ्यांनी बनलेली, तिथे लांबी-रुंदी चालत नाही. तिचे आडवे काप कल्पून प्रत्येक पातळीचे क्षेत्रफळ काढतात आणि लागोपाठच्या दोन कापांमधले घनफळ जोडत जातात. तळाशी काप अरुंद आणि वर रुंद असल्याने शेवटच्या एका फुटात खालच्या कित्येक फुटांएवढे पाणी मावते. उजनीत एकूण सुमारे ११७ टीएमसी मावते, पण त्यातले ६३.६६ टीएमसी मृतसाठ्याचे. टक्केवारी काढतात ती वरच्या सुमारे ५३.५७ टीएमसीवर. म्हणून 'उजनी उणे ३० टक्के' असे वाचले तरी धरणात साडेसत्तेचाळीस टीएमसी पाणी असते.

बातम्या वाचताना एका अक्षरावर लक्ष ठेवावे. जायकवाडीची क्षमता २,९०९ दलघमी अशी लिहितात, म्हणजे दशलक्ष घनमीटर. नाशिक-जळगावकडे गिरणेचा उपयुक्त साठा १८,५०० दलघफू असा लिहितात, म्हणजे दशलक्ष घनफूट. नुसते आकडे पाहिले तर गिरणा जायकवाडीच्या सहापट वाटते. टीएमसीत मांडले की जायकवाडी १०२.७ आणि गिरणा १८.५. 'मी' आणि 'फू' यांत पस्तीसपटींचे अंतर आहे.

गिरणेचे पाणी पोहोचते त्या चाळीसगाव तालुक्यातच पाटणादेवीचे जुने मंदिर आहे. तिथला १२०७ सालचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ काढला आणि निकुंभ राजा सोइदेव याने त्याला देणगी दिली, असे त्यात कोरले आहे. लेखाचा शेवटचा भाग त्या काळच्या मराठीत आहे. मठाला काय काय द्यायचे याची ती यादी आहे. तेलाच्या प्रत्येक घाण्यामागे एक पळी तेल द्यावे, असे तीत म्हटले आहे. आणि या गावात जे काही मापायचे, ते मठाच्या मापाने मापावे, असेही.